दुसरा शनिवार, चौथा शनिवार: पक्षी बघण्याचं पहिलं वर्ष

पक्षी बघायला सुरुवात करायची म्हणून मी बराच काळ नुसती चौकशीच करत होते. कुणी म्हणे आधी दुर्बीण घे, कुणी म्हणे कॅमेऱ्याशिवाय मजा नाही, एकाने तर थेट भरतपूरचं तिकीट काढायला सांगितलं. शेवटी नोव्हेंबर २०२३ च्या पक्षी सप्ताहात एका फेरीला नाव नोंदवलं आणि सुटले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, म्हणून २०२० पासून राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या दिवसांत पुण्यातल्या टेकड्या-तळ्यांवर फुकट फेऱ्या असतात. सुरुवात करायला याहून सोपी वेळ नाही. थंडीचे पाहुणे आलेले असतात, झाडांची पानं विरळ व्हायला लागलेली असतात आणि ओळखी करून द्यायला माणसं आपणहून उभी असतात.

मी बँकेत नोकरी करते. रविवार आणि महिन्यातला दुसरा, चौथा शनिवार एवढंच हातात. त्यात घरचं, लग्नंकार्यं, मार्चअखेर. माझ्यासारख्या माणसाला हे कितपत जमतं, याचा हा सरळ हिशेब आहे.

पहिल्याच फेरीत एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. त्यांनी अट घातली: तीन महिने कॅमेरा घ्यायचा नाही. दुर्बीण, वही, पेन्सिल, बस्स. मला तेव्हा ते जरा जुन्या वळणाचं वाटलं, पण ऐकलं. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण घेतली, साडेनऊ हजारांना. दहापटीची घेऊ नका. हात हलला की चित्र हलतं, आणि चष्मा असेल तर आणखीच त्रास. दुकानात आत बसून नाही, दाराबाहेर येऊन समोरच्या इमारतीवरच्या कबुतराकडे बघून मग पैसे द्या.

नोव्हेंबर-डिसेंबर आम्ही बहुतेक वेळा कवडीला गेलो. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. कोथरूडहून साडेपाचला निघालं की उजाडताना पोचतो. आधीच सांगते, जागा देखणी नाही. पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन नदी तिथे येते, बंधाऱ्याखाली फेसाचे ढीग असतात, झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, आणि वास असा की पहिल्या दिवशी मी ओढणी नाकावरून काढली नाही. पण त्याच पाण्यात हळदी-कुंकू बदकं, थापट्ये, शेकाट्ये, चक्रवाकांच्या जोड्या, वर नदी सुरय घिरट्या घालतायत. घाणीमुळेच किडे-अळ्या भरपूर, म्हणून पक्षी भरपूर, असं सर म्हणाले. ते ऐकून आनंद मानावा की नाही ते कळेना.

बायकांसाठी महत्त्वाचं: तिथे स्वच्छतागृह नाही. हायवेवरच्या हॉटेलात आधी जाऊन या. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

कवडीला मी धोबी शिकले. पांढरा, करडा, पिवळा, मोठा कवड्या. शेपटी सगळेच हलवतात, पण करड्याची शेपटी लांब आणि बुडाखाली पिवळा रंग, एवढं एकदा डोक्यात बसलं की लांबूनही चुकत नाही. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, चोच खाली, आणि मग दगड पडावा तसा पडतो. बहुतेक वेळा रिकामाच वर येतो. हे बघून मला फार धीर आला.

वटवट्यांनी मात्र रडवलं. झुडपात काहीतरी छोटं, तपकिरी, हलतंय, वटवटतंय, दिसत नाही. सर म्हणाले, पहिल्या वर्षी वटवट्यांच्या नादी लागू नका, वहीत 'वटवट्या, कुठला तरी' असं लिहा आणि पुढे चला. वहीत अशी पानंच्या पानं आहेत.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. आशियाभर एकाच सुमाराला होते, हौशी लोकच करतात. आमच्या गटाला जो तलाव दिला होता तो एका सरकारी खात्याच्या ताब्यात. काठावर 'छायाचित्रणास मनाई' असा फलक. म्हणून रीतसर पत्र. मी बँकेतली, कागदपत्रांची सवय आहे, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला: सगळ्यांची नावं, आधारच्या झेरॉक्स, गाडीचे नंबर, कॅमेऱ्यांचे सिरीयल नंबर, प्रयोजन. पहिल्या खेपेला 'साहेब साइटवर आहेत'. दुसऱ्या खेपेला अर्ज सापडेना. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का होता म्हणून सापडला. तिथल्या क्लार्कबाईंनी शांतपणे विचारलं, "पक्षी मोजून पुढे त्यांचं काय करता?" मी म्हटलं, मोजतो आणि सोडून देतो. "म्हणजे पकडता?" मग त्यांना दुर्बिणीतून खिडकीबाहेरचा कोतवाल पक्षी दाखवला. पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडलं, गणनेच्या आदल्या शुक्रवारी. तेव्हा दोन प्रती करा, एकीवर आवकचा शिक्का घ्या, आणि महिनाभर आधी निघा. फाटकावरच्या रखवालदाराने पत्र उलटं धरून वाचलं आणि आत सोडलं.

मोजणी वाटते तेवढी अवघड नाही. डावीकडून उजवीकडे जायचं, दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तसे गठ्ठे मोजत जायचं. एक जण डोळे दुर्बिणीला लावून बोलतो, दुसरा लिहितो. मी लिहीत होते. वारकरी, म्हणजे काळी अंगं आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले कूट, शेकड्यांनी. सर 'वारकरी पन्नास, वारकरी आणखी पन्नास' म्हणत चाललेले. इतक्यात वरून दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, गेला आणि सगळे वारकरी एका बाजूला पळाले. परत पहिल्यापासून.

सरांची मुदत फेब्रुवारीत संपली आणि मी कॅमेरा घेतला. वापरलेला कॅनन ७डी मार्क टू आणि ४०० मिलिमीटरची लेन्स, दोन्ही मिळून ऐंशी हजारांच्या आत. नवं घेतलं असतं तर दुप्पट-तिप्पट गेले असते. जुनी लेन्स घेताना मोबाइलची बॅटरी लावून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. स्वस्तात देतायत म्हणून घेऊ नका. शटर किती वेळा उडालंय तेही विचारा. कॅमेरा घेण्याआधी तीन महिने गेल्यामुळे एक झालं: पक्षी कुठे बसेल, कुठल्या बाजूने उडेल याचा अंदाज यायला लागला होता, त्यामुळे फोटो वाया जायचं प्रमाण कमी राहिलं. कमी म्हणजे तरीही शेकडो.

२४ फेब्रुवारी, चौथा शनिवार, भिगवण. पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर. उजनी धरणाचा फुगवटा, कुंभारगाव आणि डिकसळ हे दोन ठराविक काठ. २०२३ चा पाऊस कमी झाला होता आणि उजनी जानेवारीतच मृतसाठ्यात गेली होती. एरवी गावाच्या टोकाशी लागणारी होडी त्या दिवशी भेगाळलेल्या गाळातून बरंच चालून गेल्यावर सापडली. पक्ष्यांना मात्र ते सोयीचं. पाणी उतरलं की उथळ गाळ उघडा पडतो आणि त्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून चरतात. धरण तुडुंब भरलं की त्यांचे पाय टेकत नाहीत, ते दुसरीकडे जातात. गावातल्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता आणि शहरातून आलेल्या आम्हाला फोटोची पर्वणी, हे होडीत बसल्यावर बोचतंच.

होडीवाले मूळचे मच्छीमार. पाण्याची खडान्‌खडा माहिती आणि नजर अशी की दुर्बीण लाजावी. होडीचे दर माणसावर नाहीत, होडीवर आहेत. चार जण गेलात तर माणशी तीन-चारशे पडतात, एकट्याने गेलात तर सगळा भार तुमचा. आम्ही थवा लांबून बघत होतो तेव्हा होडीवाल्या दादांनी विचारलं, "उडवू का? उडताना फोटो भारी येतो, पंखातला लाल दिसतो." आम्ही नको म्हटलं. ते म्हणाले, "बरं झालं. दुसरे लोक पैसे देतात उडवायला. रोज उडवलं की पाखरू इथं राहत नाही, मग आमचं काय?" यावर मला वेगळं काही सांगायचं नाही. होडीत बसलात की तुम्ही आधीच सांगून टाका, उडवायचं नाही.

त्या दिवसाची खरी कमाई मीनखाई घार. पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या खुंटावर ती चिलापी घेऊन बसली होती. होडीचं इंजिन बंद केलं, बांबूने ढकलत थोडं पुढे गेलो आणि थांबलो. मासा अजून जिवंत होता, शेपूट आपटत होता. तिने एका पायाने तो खुंटावर दाबून धरला आणि डोक्याकडून सुरुवात केली. आधी ओठ, मग डोळा, मग गालफड. प्रत्येक तुकडा तोडताना मान मागे ओढायची, गिळायची, आणि मग पिवळ्याधमक डोळ्यांनी आमच्याकडे एकदा बघायची. अर्धा मासा संपेपर्यंत शेपूट हलत होतं. मी पंधरा-वीस फोटो काढून कॅमेरा मांडीवर ठेवला. दुपारी गावात चिलापीच खाल्ली, तिखट रस्सा आणि भाकरी.

मार्च बँकवाल्यांचा नाही, त्यामुळे तो गेला. मार्चच्या आरंभी ऐरोलीहून ठाणे खाडीतली होडी मात्र साधली. आरक्षण ऑनलाइन, वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे आपल्याला हवी ती वेळ मिळेलच असं नाही. मला भर दुपारची मिळाली, उन्हात सगळा गुलाबी पांढरा झाला. तिथे मुख्यतः छोटे रोहित, भिगवणला मोठे. पुण्याहून जाऊन-येऊन दिवस मोडतो. एकदा जाण्यासारखं आहे.

एप्रिल-मे सिंहगडाच्या पायथ्याचा ओढा. सगळीकडचं पाणी आटतं तेव्हा तिथल्या डबक्यांवर पक्षी येतात आणि माणसाने फक्त सावलीत गप्प बसायचं असतं. सकाळी सातला बसलं की दहापर्यंत उठायचं नाही. हिरवट कपडे घाला, अत्तर लावू नका, डब्यात चिवडा नको, कुरकुर आवाज येतो. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला तेव्हा मी श्वास धरून बसले आणि तो शेपटीच्या दोन फिती पाण्यावर टेकवून, बुडी मारून, परत फांदीवर. झाडाखाली प्रकाश इतका कमी की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, तीन हजारांच्या वर न्यावा लागला, फोटो दाणेदार आले. चालतील.

याच दिवसांत पैसे देऊन बसायच्या आडोशांची चलती असते. कृत्रिम डबकं, समोर फांदी, फांदीच्या मागे अळ्या ठेवलेल्या. फोटो सुरेख येतात, पार्श्वभूमी मऊ, सगळ्यांचे एकसारखे. मी एकदा बसले, पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, वयस्कर किंवा पाय दुखणाऱ्या माणसांना ती मोठी सोय आहे. पण परत जावंसं वाटलं नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. विणीच्या काळात नर स्वतःची हद्द राखायला येतो, त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय. आपला फोटो होतो, त्याची सकाळ जाते. घरट्यांचे फोटोही मी काढत नाही. ज्या गटात ते चालतं त्या गटाबरोबर जाणं सोडलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासवडकडे चातक दिसला, काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, तारेवर बसलेला. पावशा तर रात्रीही 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत होता. नवरंगही याच सुमाराला येतो. पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पण तो जमिनीवर पाचोळ्यात. आठवडे गेले, शीळ ऐकली, एकदा हिरवी-निळी पाठ झुडपात शिरताना दिसली, फोटो नाही.

२५ जुलैला पुण्यात पूर आला, सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरलं. पुढे बरेच दिवस कवडीचा विषयच नव्हता. पावसाळ्यात लेन्सची काळजी घ्या. महागड्या कपाटाची गरज नाही, किराणा भरायचा हवाबंद मोठा डबा, तळाशी सिलिका जेल, आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत निळं.

पावसाळ्यातलं माझं आवडतं काम म्हणजे विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींची वसाहत बघत बसणं. बांधतो नर, नाव मात्र सुगरण. तो उंच गवताच्या पात्यावर उतरतो, कडेला चोचीने एक खाच पाडतो, ते टोक धरून उडतो आणि पात्याची लांब, अरुंद पट्टी सोलून निघते. ती विणायची, परत जायचं. अर्धं घरटं, शिरस्त्राणासारखं झालं की थांबतो, खाली लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत डोकावते, एखादी काडी ओढून बघते, जाते. पसंत पडलं तर पुढची नळी, नाहीतर घरटं तसंच सोडून शेजारी दुसरं. शेतमालकाला आधी विचारून बसा. आम्हाला त्यांनी चहाही दिला.

माळरानांवर मी फार उशिरा गेले, पाऊस सुरू झाल्यावर. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य लहान, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, फाटकावर ओळखपत्र आणि नोंद करून गाडी आत नेता येते. लोक चिंकारा बघायला येतात. आम्ही धाविक, माळटिटवी, पखुर्ड्या आणि चंडोल बघत होतो. डोंबारी चंडोल हवेत सरळ वर जातो, शीळ घालत खाली कोसळतो, परत वर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली होती, एका चंडोलाच्या इंग्रजी नावात तो अजून आहे. आपल्याकडे मात्र ही जमीन कागदोपत्री 'पडीक' ठरते आणि कुणीतरी उत्साहाने तिथे खड्डे खणून झाडं लावतं. गवतात अंडी घालणाऱ्या पक्ष्याला झाडं नको असतात, हे वृक्षारोपणाच्या फलकावर कुणी लिहीत नाही.

ऑक्टोबरपासून तिथेच भोवत्ये आले, आणि माझा ई-बर्ड, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ, त्यांच्याशी पहिला पत्रव्यवहार झाला. ई-बर्डवर नोंद करायला अवघड काही नाही: कुठे, किती वाजता सुरू, किती वेळ, किती चाललात, आणि दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत का, या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. 'क्ष', म्हणजे दिसला पण मोजला नाही, असं टाकण्यापेक्षा अंदाजे आकडा बरा. मी पॅलिड हॅरियर, म्हणजे भोवत्यांतलीच एक जात, अशी एक नोंद टाकली होती. काही दिवसांनी तपासनिसांची नम्र मेल आली: तसाच दिसणारा मॉन्टेग्यूज हॅरियर नसून पॅलिडच कशावरून? दचकू नका, ते परीक्षा घेत नाहीत, ते स्वतःही हौशीच असतात. माझ्याकडे एक हललेला, लांबचा फोटो होता. त्यात नराच्या पंखावर मध्ये काळी पट्टी नव्हती, पोट स्वच्छ पांढरं होतं आणि पंखाच्या टोकाला काळं अरुंद त्रिकोणी टोक. तो जोडला, दोन ओळी लिहिल्या, नोंद मान्य झाली. वर्षातला माझा सगळ्यात वाईट फोटो आणि तोच कामाला आला. माद्यांच्या बाबतीत मी आता सरळ 'पॅलिड किंवा मॉन्टेग्यूज' असा जोड पर्याय निवडते, तो यादीत असतो.

नोव्हेंबर २०२४ च्या पक्षी सप्ताहात वर्ष पुरं झालं. दोनशेच्या आसपास जाती लिहून झाल्या, त्यातल्या निम्म्यांचेही दाखवण्यासारखे फोटो नाहीत. खर्च: दुर्बीण आणि कॅमेरा नव्वद हजार, पेट्रोल, होड्या, फाटकांची तिकिटं मिळून तीसेक हजार, तोही चौघांत गाडी वाटून घेतल्यामुळे. कॅमेरा वगळला तर वर्ष चाळीस हजारांत होतं, आणि तळ्यावर बस जात असेल तर त्याहून कमी.

भिगवणला परत जायचं म्हणून होडीवाल्या दादांना फोन केला. ऑगस्टमध्ये उजनी पूर्ण भरली होती. ते म्हणाले, "आत्ता येऊ नका मॅडम, नुसतं पाणीच पाणी हाय. जरा उतरू द्या, शिवरात्रीच्या आसपास फोन करा." म्हणून या हिवाळ्यात परत कवडीच. जानेवारीच्या गणनेचा अर्ज या वेळी नोव्हेंबरातच देऊन आले, आवक शिक्क्यासकट. आणि कुणाला हवा असेल तर ट्रायपॉड विकायचा आहे, एकदाही उघडलेला नाही.